एकच स्पेलिंग, तीन शब्द: स्लाउ, स्लू आणि स्लफ

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सवरच्या एका निसर्गपटाची मराठी सबटायटल्स करताय. त्यात एस-एल-ओ-यू-जी-एच असं स्पेलिंग असलेला शब्द सारखा येतोय, निवेदक त्याचा उच्चार 'स्लू' करतो, मोबाईलच्या डिक्शनरीत 'स्लाउ' ऐकू येतं, आणखी कुठेतरी 'स्लफ', आणि अर्थ बघायला जावं तर चिखल, दलदल, सापाची कात, मेलेली कातडी असं वाट्टेल ते मिळतं. टीममधल्या सीनियरनी सांगितलंय की सगळीकडे 'दलदल' टाक आणि मोकळी हो. शिवाय त्याच स्क्रिप्टमध्ये एके ठिकाणी अजगराबद्दल बोलताना हेच स्पेलिंग क्रियापद म्हणून आलंय आणि शेवटाकडे हाच शब्द निराशेबद्दलच्या एका वाक्यात आहे. तर काय लिहावं?

मी बरीच वर्षं पर्यावरण आणि आरोग्य या दोन विषयांची भाषांतरं करतेय आणि हा शब्द नेमका दोन्हीकडे भेटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय मराठी प्रतिशब्द कोणता, पण अडचण त्याच्या एक पायरी आधीच आहे. हे एका शब्दाचे चार-पाच अर्थ नाहीत. एकाच स्पेलिंगखाली दोन वेगळ्या मुळांचे शब्द राहतायत, एक चिखलाचा आणि एक कातडीचा, आणि त्यातला चिखलाचा जो आहे तो इंग्लंडमधून अमेरिकेत गेल्यावर तिकडच्या जमिनीप्रमाणे उच्चारही बदलून बसला आणि अर्थही. इंग्रजी वाचणारा माणूस मनातल्या मनात वाचताना उच्चार न ठरवता पुढे जाऊ शकतो. आपल्याला देवनागरीत लिहायचं तर ती सोय नाही, उच्चार आधी ठरवावाच लागतो, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे आपलं काम सोपंच होतं कारण उच्चार नक्की झाला की अर्थ बराचसा आपोआप नक्की होतो.

लक्षात ठेवायला एक युक्ती सांगते. शाळेत पाठ केलेले तीन शब्द आठवा, शेवटची चार अक्षरं तीच, ओ-यू-जी-एच. 'थ्रू' म्हणजे आरपार, 'बाउ' म्हणजे झाडाची फांदी, 'टफ' म्हणजे चिवट. थ्रूसारखा स्लू, बाउसारखा स्लाउ, टफसारखा स्लफ. स्लू म्हणजे अमेरिका-कॅनडातलं पाणी. स्लाउ म्हणजे ब्रिटिश चिखल, आणि त्याच्यावरून आलेला लाक्षणिक अर्थ. स्लफ म्हणजे अंगावरून सुटून पडणं, मग ती कात असो, जखमेवरचा थर असो की नदीचा काठ.

आता स्लाउपासून सुरुवात करू कारण मूळ ते आहे. जुन्या इंग्रजीतला हा शब्द, अर्थ चिखलाची जागा, त्यातही रस्त्यावरची. डांबर यायच्या आधीचा रस्ता डोळ्यासमोर आणा, पावसात सखल भागात पाणी साचतं, त्यावरून गाड्या जाऊन जाऊन राड होतो आणि बैल किंवा घोडा पोटापर्यंत रुततो, ती जागा म्हणजे स्लाउ. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळापासून जवळ, याच नावाचं शहर आहे, आणि तेसुद्धा लंडनहून बाथला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरच वसलेलं आहे. त्याचं नाव ११९६ पासून नोंदीत सापडतं आणि ते बहुधा अशाच चिखलाच्या जागेवरून पडलं असावं. युरेनस ग्रह शोधणारे विल्यम हर्शेल १७८६ पासून शेवटपर्यंत या गावात राहिले, त्यांची ती चाळीस फुटी दुर्बीण इथेच उभी होती. आयटीच्या नोकरीसाठी त्या पट्ट्यात गेलेली आपली मराठी मंडळी पहिल्यांदा स्टेशनची पाटी वाचताना 'स्लफ' म्हणतात, आणि त्याच रेल्वेमार्गावर पुढे 'रेडिंग' लागतं ज्याचं स्पेलिंग वाचनाच्या 'रीडिंग'सारखं आहे, त्यामुळे गोंधळात भरच. असो. विशेषनाम म्हणून ते स्लाउच लिहायचं, भाषांतर करायचा प्रश्नच नाही.

स्लाउ इंग्रजी वाचणाऱ्यांच्या कायमचा लक्षात राहिला तो जॉन बन्यनमुळे. त्याचं १६७८ सालचं 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हे ख्रिस्ती रूपक, ज्याचं हरी केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' नावाने मराठीत भाषांतर केलं. त्यात यात्रेकरू घरातून निघाल्यावर लगेचच एका चिखलात पडतो, त्याचं नाव 'स्लाउ ऑफ डिस्पॉन्ड'. पाठीवर पापाचं ओझं असल्यामुळे तो आणखी आत जातो, बरोबरचा माणूस कसाबसा बाहेर येऊन सरळ घरी पळतो, आणि मग 'मदत' नावाचं पात्र येऊन याला हात देऊन बाहेर काढतं. तिथे एक तपशील आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो: त्या देशाच्या राजाचे मजूर वर्षानुवर्षं तो चिखल बुजवायला भर टाकतायत, हजारो गाड्या भर त्यात गडप झाली तरी तो तसाच आहे. म्हणजे चालत्या रस्त्यावरचा, दुरुस्त न होणारा चिखल. इंग्रजी वर्तमानपत्रात आज अर्थव्यवस्थेबद्दल किंवा कुणाच्या मनःस्थितीबद्दल स्लाउ हा शब्द वापरतात तेव्हा मागे हे चित्र असतं, लिहिणाऱ्याने बन्यन वाचला असो वा नसो.

आपण याला सवयीने 'नैराश्याच्या गर्तेत' असं लिहितो. चूक म्हणणार नाही, वाचकाला कळतं, पण गर्ता म्हणजे खोल खड्डा, त्यात माणूस कोसळतो आणि क्षणात तळाला जातो. स्लाउमध्ये माणूस कोसळत नाही, तो चालत असतो आणि पाय जड होत जातात, जितका जोर लावावा तितका आत. म्हणून संदर्भ हळूहळू अडकत जाण्याचा असेल तर मी 'रुतणे' हे क्रियापद धरते. 'निराशेच्या चिखलात रुतलेला' किंवा 'मंदीच्या गाळात रुतलेली बाजारपेठ'. गाळ हा शब्द तर आपल्याकडे धंद्याच्या बाबतीत आधीच रुळलेला आहे, धंदा गाळात गेला असं आपण रोज म्हणतो, त्यामुळे आर्थिक बातमीत तो जास्त नैसर्गिक बसतो. आणि वाक्यात अचानक कोसळण्याचाच भाव असेल तर गर्ता ठेवा, बिनधास्त. हे वाक्यावर अवलंबून आहे, एकच नियम नाही.

आता तुमचा खरा विषय, स्लू.

इंग्लंडमधून गेलेले लोक हा शब्द बरोबर घेऊन गेले पण समोरची जमीन वेगळी होती. तिथे रस्त्यातला खड्डा दाखवायला शब्द लागत नव्हता (रस्तेच नव्हते म्हणा ना), समोर होती प्रचंड नद्यांची बाजूची पात्रं, भरतीचं पाणी आत येणाऱ्या खाड्या, गवताळ मैदानातली तळी आणि फ्लोरिडातलं ते विस्तीर्ण उथळ पाणी. या सगळ्यांना वेगवेगळ्या प्रदेशात स्लूच म्हणायला लागले. त्यामुळे अमेरिकेत स्लू दिसला की पहिला प्रश्न हा की कुठला स्लू. राज्य कळल्याशिवाय मी मराठी शब्द लिहीतच नाही, आणि नकाशा उघडून बघते, अगदी प्रत्येक वेळी, उपग्रहाचं चित्र लावून.

उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटो नदीच्या त्रिभुज प्रदेशात 'स्टीमबोट स्लू' आहे. नावातच उत्तर आहे, तिथून आगबोटी जायच्या. दलदलीतून आगबोट कशी जाईल? तिथे स्लू म्हणजे मुख्य नदीतून फुटून पुढे परत तिलाच मिळणारा फाटा, खोल पाण्याचा. ऑरेगनमध्ये पोर्टलंड शहराच्या उत्तरेला कोलंबिया नदीला समांतर जाणारा 'कोलंबिया स्लू' तसाच, फक्त संथ. इथे 'नदीचा फाटा' किंवा 'बाजूचं पात्र' लिहिलं की काम झालं, वाचकाला डोळ्यासमोर चित्र येतं.

त्याच कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराला लागून 'एल्कहॉर्न स्लू' आहे आणि हा पूर्ण वेगळा प्रकार. दिवसातून दोनदा भरती आत येते, दोनदा ओहोटीला पाणी बाहेर जातं, काठाला खारट चिखल आणि खाऱ्या पाण्यातल्या वनस्पती, आणि पाण्यात सी ऑटर म्हणजे समुद्री पाणमांजरं. कोकणातला माणूस हे बघून एका सेकंदात सांगेल की ही खाडी आहे. बरोबर, खाडीच लिहा, किंवा 'खाडीचा फाटा'. १९४६ मध्ये तोंडाशी बंदर करताना मुख मोकळं केलं गेलं आणि तेव्हापासून भरती-ओहोटीचा जोर वाढून काठ झिजत गेले. नंतर पाणमांजरांची संख्या वाढली, ती काठाला बिळं करणारे खेकडे खातात, आणि त्यामुळे काठाची झीज मंदावली असं तिथल्या अभ्यासकांना दिसलं. अशा मजकुरात तुम्ही 'दलदल झिजतेय' लिहिलंत तर वाचकाला काही म्हणजे काही कळणार नाही. 'खाडीचे काठ झिजतायत' लिहिलं की कळतं.

इथे कुणीतरी 'खाजण' सुचवेल, मलाही एकदा एका संपादकांनी सुचवलं होतं. शब्द सुंदर आहे पण खाजण ही जमीन आहे. कोकणात खाडीकाठची भरतीचं पाणी शिरणारी खारट जमीन म्हणजे खाजण, आणि गोव्यात तर बांध घालून, मानशी म्हणजे पाण्याची दारं बसवून, पाणी आत-बाहेर सोडायची व्यवस्था करून कसलेली शेती. स्लू हे पाणी आहे, खाजण त्याच्या काठाला असेल. एल्कहॉर्नच्या काठच्या चिखलपट्ट्यांबद्दल लिहिताना कोकणातल्या वाचकाला समजवायला खाजणाचा उल्लेख चालेल, पण गोव्याच्या वाचकाच्या डोळ्यासमोर लगेच भाताचं शेत येईल हे लक्षात ठेवा.

कॅनडातल्या सस्कॅचेवान, मॅनिटोबा आणि अमेरिकेतल्या डकोटा भागात शेतकरी स्लू म्हणतात ते शेताच्या मधोमध असलेल्या उथळ तळ्याला. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी मागे सोडलेले हे खळगे, वसंतात बर्फ वितळलं की भरतात आणि उन्हाळा सरेपर्यंत बरेचसे आटतात, काही खारट असतात ते आटले की पांढरा थर उरतो. बदकांच्या विणीसाठी हा भाग जगप्रसिद्ध आहे. इथे मी 'हंगामी तळं' लिहिते. 'डबकं' टाळते कारण डबकं म्हटलं की डास आणि घाण आठवते, आणि विदर्भातल्या मित्रांनी 'बोडी' सुचवली तरी ती टाळते, बोडी माणसाने बांध घालून केलेली असते आणि हे खळगे कुणी खणलेले नाहीत.

आता एव्हरग्लेड्स. यावर जरा थांबते कारण तुमची सगळी सबटायटल्स यावरच आहेत आणि इथेच 'दलदल' सगळ्यात जास्त नुकसान करते.

दक्षिण फ्लोरिडाची जमीन जवळजवळ सपाट आहे, खाली चुनखडक, वर कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर, आणि उतार इतका अलगद की डोळ्याला दिसत नाही. त्यावरून पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे एका रुंद पातळ थरासारखं सरकत जातं. एव्हरग्लेड्सला 'गवताची नदी' म्हणतात ते यामुळे. या विस्तारात जमीन अगदी थोडीशी वर-खाली आहे. जे थोडे उंच पट्टे आहेत त्यावर सॉग्रास नावाची दाट वनस्पती वाढते (नावात गवत आहे पण खरं तर ती लव्हाळ्याच्या कुळातली, पानाच्या कडेला करवतीसारखे दाते, हात चिरतो), आणि जे थोडे खोल पट्टे आहेत त्यात उघडं पाणी, वर पाणकमळं. हे खोल पट्टे म्हणजे स्लू. ऊस लावलेल्या शेतातली सरी आणि वरंबा आठवा, वरंब्यावर सॉग्रास आणि सरीतून पाणी, फक्त हे सगळं निसर्गानेच आखलेलं आणि उसाच्या सरीपेक्षा कितीतरी रुंद. तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'रिज अँड स्लू' असा जोडशब्द असणारच, तो हाच.

उपग्रहाचं चित्र उघडून बघा, मिनिटभरात समजेल. 'शार्क रिव्हर स्लू' हा यातला सगळ्यात मोठा, राष्ट्रीय उद्यानातून नैर्ऋत्येकडे वळत मेक्सिकोच्या आखाताकडे जातो. त्यात मधे मधे झाडांची बेटं दिसतील आणि त्यांचा आकार अश्रूच्या थेंबासारखा, गोल डोकं वरच्या बाजूला म्हणजे पाणी येतं तिकडे, आणि निमुळती शेपूट पाणी जातं तिकडे. सगळ्या बेटांच्या शेपट्या एकाच दिशेला. पाण्याला दिशा आहे हे दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. दलदलीला दिशा नसते.

आणि दुसरा पुरावा रस्त्याचा. टँपा आणि मायामी यांना जोडणारा 'टॅमियामी ट्रेल' नावाचा रस्ता १९२८ मध्ये सुरू झाला, तो एव्हरग्लेड्सला आडवा कापून जातो. रस्त्याचा भराव म्हणजे बांधच झाला की, वरच्या बाजूचं पाणी अडलं आणि खालच्या शार्क रिव्हर स्लूला कमी पडायला लागलं, खालचं उद्यान कोरडं पडायला लागलं. म्हणून आता त्या रस्त्याचे तुकडे उचलून पुलावर नेतायत, पहिला एक मैलाचा पूल २०१३ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या पश्चिमेला नंतर आणखी पूल झाले. नुसत्या साचलेल्या पाण्यासाठी कुणी मैलभर पूल बांधेल का? तुमच्या स्क्रिप्टमध्ये हा भाग असेल तर बघा, 'दलदलीतून पाणी वाहू देण्यासाठी पूल बांधला' हे वाक्य वाचताना प्रेक्षक अडखळतो, कारण मराठीत दलदल म्हणजे जिथे पाणी वाहत नाही, जिथे पाय रुततो, जिथून लवकर बाहेर पडावं अशी वाईट जागा. शिवाय दलदल बुजवायची असते, ती वाचवायची असते असं आपल्या कानाला वाटतच नाही. निसर्गपटाचा सगळा मुद्दा हे पाणी वाचवण्याचा आणि आपण शब्द असा निवडतो की प्रेक्षकाच्या मनात उलटंच बसतं. मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडेही खारफुटीची आणि तळ्याकाठची जमीन 'दलदल' म्हणून सहज भरली जाते. त्यामानाने 'पाणथळ' शब्द स्वच्छ आहे, नांदूर मधमेश्वर आणि ठाणे खाडी रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेल्यापासून तर तो बातम्यांमध्येही रुळलाय.

कोरड्या हंगामात स्लूचं महत्त्व आणखी कळतं. उंच पट्टे आटतात आणि पाणी या खोलगट पट्ट्यांत उरतं, मासे तिथे गोळा होतात, त्यामागे बगळे आणि करकोचे येतात, मगरी म्हणजे तिथले अ‍ॅलिगेटर चिखल उकरून स्वतःची डबकी करतात (इथे मात्र डबकंच म्हणा, लहान आणि उकरलेलं असतं) आणि त्यात बाकीच्यांनाही पाणी मिळतं. त्यामुळे दोन वेगळ्या हंगामांची दृश्यं असतील तर एकच शब्द दोन्हीकडे चालेल पण सोबतचं विशेषण बदलावं लागेल, पावसाळ्यात 'वाहता' आणि कोरड्यात 'पाणी टिकून राहिलेला'.

मग लिहायचं काय? माझी पद्धत अशी की विशेषनामात स्लू तसाच ठेवायचा, 'शार्क रिव्हर स्लू', 'टेलर स्लू'. पहिल्यांदा येतो तिथे त्याच वाक्यात अर्थ घालायचा, 'शार्क रिव्हर स्लू हा संथ वाहणारा पाणथळ पट्टा' असं. त्यानंतर कधी 'स्लू', कधी 'पाणथळ पट्टा', जागा किती आहे त्यावर. सबटायटलमध्ये दोन ओळीत बसवायचं असतं त्यामुळे दुसऱ्यांदा नुसता 'स्लू' फार सोयीचा पडतो, आणि निवेदकाच्या तोंडून तोच आवाज ऐकू येत असतो म्हणून प्रेक्षक लगेच जोडून घेतो. 'शार्क नदीची दलदल' नको. नुसतं 'शार्क नदी' तर त्याहून नको कारण त्या नावाची नदी वेगळी आहे, हा स्लू खाली जाऊन तिला मिळतो. मात्र तुम्ही हे शाळेच्या पुस्तकासाठी करत असता तर मी स्लू शब्दच टाळून सगळीकडे 'पाणथळ पट्टा' लिहिलं असतं, मुलांना एक अनोळखी शब्द कमी. म्हणजे कुणासाठी लिहितोय यावरही आहे.

शेजारचे शब्दही येतील स्क्रिप्टमध्ये, ते झटपट सांगते. मार्श म्हणजे गवत-लव्हाळ्यांची पाणथळ जागा, स्वॅम्प म्हणजे झाडं असलेली, बॉग म्हणजे फक्त पावसाच्या पाण्यावर जगणारी आम्लधर्मी आणि शेवाळाची, फेन म्हणजे भूजलावर पोसलेली. मराठीत 'गवताळ पाणथळ' आणि 'झाडांची पाणथळ' असा फरक केला की पुरतं. एव्हरग्लेड्सला लागूनच सायप्रस झाडांचं स्वॅम्प आहे, कॅमेरा तिकडे गेला की शब्द बदला.

आता स्लफ. क्रियापद दिसलं की बहुतेक वेळा हाच असतो, ही खूण पक्की लक्षात ठेवा. तुमच्या स्क्रिप्टमधला बर्मी अजगर, जो बाहेरून येऊन एव्हरग्लेड्समध्ये माजलाय, तो कात टाकतो. इतकं सरळ. मराठीत आपल्याकडे अगदी नेमका शब्द तयार आहे. फक्त लाक्षणिक वापरात सांभाळा, कारण मराठीत 'कात टाकली' म्हणजे नव्याने उभं राहणं, जुन्या गावाने कात टाकली, मिलच्या जागेने कात टाकली, त्यात कौतुक आहे. इंग्रजीत जबाबदारी स्लफ केली म्हणतात तेव्हा त्यात कौतुक नसतं, तिथे 'झटकली' लिहायचं.

दवाखान्यात स्लफ म्हणजे जखमेच्या तळाला चिकटलेला पिवळट-पांढरा, ओलसर, धाग्यासारखा मेलेल्या पेशींचा थर. मधुमेहाच्या पायाच्या जखमेत हमखास असतो. रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात बरेच जण त्याला 'पू' लिहितात. पू पातळ असतो, पुसला की जातो, आणि हा पुसून जात नाही. घरच्या माणसाने ते पत्रक वाचून पुसायला म्हणून खरवडलं तर जखम वाढेल. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर पेशंटला 'स्लफ आहे, डॉक्टर काढतील' असंच सांगतात, म्हणून पत्रकात मी 'जखमेवरचा पिवळट मृत थर (स्लफ)' असं देते, म्हणजे कानावर पडलेला शब्द आणि कागदावरचा शब्द जुळतो. आणि तोच थर काळा, कोरडा, कडक असेल तर इंग्रजीत नावच वेगळं आहे, तिथे हा शब्द वापरू नका.

तिसरा स्लफ मातीचा. काठ ढासळतो, दरडीची माती सुटून येते, त्यालाही हेच क्रियापद. एकाच वाक्यात काठ स्लफ होऊन स्लूमध्ये पडला असं इंग्रजीत असू शकतं, दोन्हीकडे स्पेलिंग तेच, आणि मशीनने केलेलं भाषांतर अशा ठिकाणी हमखास घसरतं. 'काठ ढासळून पाण्यात आला' एवढं पुरे.

अजून एक सापळा. एस-एल-ई-डब्ल्यू असं स्पेलिंगही 'स्लू'च वाचतात आणि कधीकधी पाणथळ जागेसाठी तेही वापरलेलं दिसतं. पण 'अ स्लू ऑफ' म्हणजे 'ढीगभर' या अर्थाने येतो तो आयरिश भाषेतल्या 'जमाव' या अर्थाच्या शब्दावरून आलाय, पाण्याशी संबंध नाही. आणि 'ठार मारलं' हे भूतकाळी रूपही त्याच स्पेलिंगचं. निवेदन फक्त ऐकून सबटायटल करत असाल तर हे तिन्ही कानाला सारखेच लागतात, म्हणून लेखी स्क्रिप्ट मागून घ्या, मिळत नसेल तर आधीचं-नंतरचं वाक्य बघा.

तर तुमच्या तीन जागा. एव्हरग्लेड्समधली सगळी नामं स्लू, पहिल्या वेळी 'संथ वाहणारा पाणथळ पट्टा' जोडून. अजगराचं वाक्य 'कात टाकतो'. शेवटचं वाक्य तुम्ही पूर्ण दिलेलं नाही, त्यामुळे त्यात निवेदक कुणाबद्दल बोलतोय ते बघावं लागेल. तो उद्यान वाचवायला झगडणाऱ्या माणसांच्या थकव्याबद्दल बोलत असेल तर 'निराशेच्या चिखलात रुतलेले' चालेल. पण दोन तास जे पाणी सुंदर म्हणून दाखवलं त्याच्या शब्दावर तो मुद्दाम श्लेष करत असेल, आणि निसर्गपटवाले शेवटी असं करतात, तर मराठीत तो श्लेष ओढून आणू नका, 'निराशेने पाय जड झालेले' असं साधं लिहा. आणि तिथे त्याचा उच्चार नीट ऐका, अमेरिकन निवेदकही या एका वापरात बरेचदा 'स्लाउ' म्हणतो. तसं म्हणाला असेल तर श्लेष फक्त लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये आहे, प्रेक्षकाच्या कानावर तो पडतच नाही, आणि मग त्याची काळजी करायचं कारण नाही. ते वाक्य इथे टाका, बघून सांगते.